एकचाकीवर आधी काय, मग काय

एकचाकीवर बसलेला माणूस सतत थोडाथोडा पडत असतो. पुढे झुकला की पायडल मारून चाक अंगाखाली आणायचं, मागे गेला की पायडल दाबून चाक थोपवायचं, कडेला कलला की कंबर वळवून चाक त्याच बाजूला न्यायचं. तंत्र एवढंच. पुढच्या सगळ्या करामतीही यातूनच निघतात.

मग एक प्रकार सोपा आणि दुसरा अवघड कशाने होतो? शिकवताना मी एकच बघते: इथे कोणता आधार काढून घेतला? आधी भिंत जाते. मग पुढे जाण्याचा वेग जातो, मग एक पाय, मग दोन्ही पायडलं आणि काही प्रकारांत सीटसुद्धा. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनने १ ते १० अशा पातळ्या ठरवल्या आहेत. त्यांची यादी वाचलीत तर साधारण हीच उतरंड दिसेल.

आधी गाडी बघा. शिकायला २० इंची चाक घ्या, उंच माणसाने २४ इंची घेतलं तरी चालेल. क्रँकवर, म्हणजे पायडल आणि चाक जोडणाऱ्या दांडीवर, कोरलेलं एल अक्षर तुमच्या डाव्या पायाकडे आलं पाहिजे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, त्यामुळे गाडीची मागची बाजू पुढे करून चालवली तर पायडल हळूहळू सैल होतं आणि क्रँकचे आटे खातं. नव्या माणसाची गाडी हातात आली की मी तेवढं आधी तपासते. सीटची उंची ठरवायला पायडल सगळ्यात खाली न्या आणि टाच त्यावर ठेवा, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. पडायच्या भीतीने सीट खाली घेतली की गुडघे वाकलेले राहतात, मांड्या भरून येतात आणि माणूस वैतागून गाडी सोडून देतो. तळ सपाट असलेले बूट घाला आणि नाड्या आत खोचा, क्रँकमध्ये गुंडाळलेली नाडी तुम्हाला उतरूही देत नाही. मनगटांचे गार्ड हवेतच, कारण पडताना हात आपोआप पुढे जातात. हेल्मेट आहेच.

आता भिंत. कुंपण, कठडा, काहीही चालेल, फक्त छातीपर्यंत उंच असावं. पायडलं जमिनीला समांतर ठेवा. एक पायडल वर आणि एक खाली असताना पायात जोरच लागत नाही, नवखे लोक नेमके तिथेच अडकून पडतात. म्हणून सुरुवातीला अर्ध्या फेरीचे तुकडे करा: समांतर, अर्धी फेरी, पुन्हा समांतर. थांबत थांबत जा, मग दोन तुकडे जोडा, मग चार.

या टप्प्यावर मी एकच वाक्य बोलत असते, "अरे, खाली बस!" भीती वाटली की माणूस पायडलांवर उभा राहतो. वजन पायांवर गेलं की चाक धक्के खात चालतं आणि गाडी बुडाखालून निसटते. वजन सीटवर असेल तर पाय मोकळे राहतात, आणि पाय मोकळे असतील तरच ते चाक दुरुस्त करू शकतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच लागणार आहे. नजर समोर दूर ठेवा, चाक कुठे जात नाही.

भिंत सोडताना तिच्या कडेकडेने जाऊ नका. तिच्याकडे पाठ करा आणि सरळ मैदानात निघा. कडेने जाणारा हात शेवटपर्यंत भिंत शोधत राहतो. किती गेलात ते पायडलांच्या फेऱ्यांत मोजा. २० इंची चाक एका फेरीत साधारण १.६ मीटर जातं. पहिल्या पातळीला ५० मीटर लागतात, म्हणजे तीसेक फेऱ्या. बहुतेकांना तिथवर यायला दहा-पंधरा तासांचा सराव लागतो. तो रोज थोडाथोडा करा, दमलेल्या पायांनी केलेला सराव वाया जातो.

त्याच पातळीत आधाराशिवाय चढणं आणि गाडी पुढे ठेवून मागे उतरणंही येतं. चढण्याला आम्ही फ्री माउंट म्हणतो. सीट दोन मांड्यांमध्ये धरा, चाक पुढे. तुमच्याकडचं पायडल समांतरपेक्षा किंचित खाली ठेवा आणि त्यावर पाय टेकवा. दाबू मात्र नका. दाबलं की चाक मागे येतं आणि दुसरं पायडल नडगीवर बसतं. मागचा पाय जमिनीवरून उचलून वजन थेट सीटवर न्या, मग तो पुढच्या पायडलावर. जमेपर्यंत चाकामागे लाकडाचा ठोकळा लावा, चाक मागे येतच नाही आणि काही दिवसांत त्याची गरजही उरत नाही. पहिल्यापासून दोन्ही पायांनी चढायची सवय करा. दुसऱ्या पातळीत ते मागतातच, आणि नंतर सवय मोडायला दुप्पट वेळ जातो. त्याच पातळीत ३० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन रेघांमधून जाणं, तीन मीटरपेक्षा लहान वर्तुळांचा इंग्रजी आठ काढणं आणि १५ सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली उतरणं असतं. वळण कंबरेतून येतं, हात फक्त सोबत करतात. बाकी ही पातळी निव्वळ चालवून चालवून सुटते.

खरा उंबरठा पुढे आहे: आयडलिंग, म्हणजे जागच्या जागी मागेपुढे करत राहणं. पुढे चालताना वेग तुमच्या पुष्कळ चुका झाकतो, इथे ते पांघरूण जातं. एक पाय खाली आणि एक वर ठेवा. सगळं काम खालच्या पायाचं, वरचा नुसता टेकलेला. खालच्या पायाने चाक थोडं पुढे, मग मागे, घड्याळाच्या लंबकासारखं. एकूण हालचाल साधारण अर्ध्या फेरीची. डोकं जागेवर राहतं, खालून चाक हलतं. बहुतेक जण उलट करतात, चाक धरून ठेवतात आणि अंग हलवतात.

एका हाताने खांब धरून सुरू करा. हातावर किती भार येतोय ते स्वतःच ओळखा. बोटांचा नुसता स्पर्श पुरला की खांब सोडायची वेळ झाली. कडेला कललात तर चाक मागे जाण्याआधी कंबरेतून हलका पीळ द्या. चौथ्या पातळीत हे डावा पाय खाली आणि उजवा पाय खाली असं वेगवेगळं २५-२५ वेळा करावं लागतं. दुबळ्या बाजूला रोज थोडा जास्त वेळ द्या. आयडलिंग कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण ज्याला ते येतं त्याला रस्त्यात थांबावं लागलं तरी उतरावं लागत नाही.

मागे चालवणं याच्यातूनच सुटतं. आयडलिंग करता करता मागची अर्धी फेरी पूर्ण करू द्या, मग दोन. इथे मात्र मोकळं मैदान हवं आणि मागे कोणी नाही याची खात्री हवी.

एका पायाने चालवताना दुसरा पाय फ्रेमच्या खांद्यावर, म्हणजे चाकाच्या लगेच वरच्या भागावर, ठेवतात. खांदा सपाट असलेली फ्रेम इथे कामाला येते. पायडल खाली जाताना जोर द्यायचा आणि वर येताना पाय हलका सोडायचा. बहुतेकांचा पाय वर येतानाही दाबत राहतो, मग चाक अडतं. दहा मीटर सलग गेलं की पुढे मजा आहे.

मग पायडलं सोडायची. व्हील वॉकमध्ये दोन्ही पाय टायरवर ठेवून, तळव्यांनी आळीपाळीने चाक पुढे ढकलत जायचं. टायरमध्ये हवा कडक हवी, पावलं छोटी हवीत आणि वजन सगळंच्या सगळं सीटवर. भिंतीपाशी शिकलेलं ते एक वाक्य इथे पुन्हा ऐकावं लागतं. ग्लायडिंगमध्ये उतारावरून जाताना एक तळवा टायरवर नुसता घासतो. मागे कललात तर जास्त दाबायचं, पुढे कललात तर कमी. कोस्टिंगमध्ये तेही नाही, चाकाला पाय लागतच नाही. तिथवर फार थोडे पोचतात.

हे सगळं प्रत्येकाने करावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. आयडलिंगनंतर वाटा फुटतात. उड्या मारायच्या असतील तर ट्रायल्सची, म्हणजे उड्या मारत अडथळे पार करायची, गाडी घ्या: १९ इंची रिम, जाड टायर, दातेरी ॲक्सल (चाकाचा आस). साध्या गाडीचा चौकोनी टोकाचा ॲक्सल उड्यांनी क्रँकमध्ये ढिला होतो. उडी मारताना पायडलं समांतर, एक हात सीटच्या मुठीवर आणि गुडघे मऊ ठेवा. लांब पल्ला आवडत असेल तर ३६ इंची चाक. ते एका फेरीत जवळपास २.९ मीटर जातं. एड प्रॅट हा इंग्लंडचा तरुण २०१५ ते २०१८ या काळात अशाच गाडीवर जगाला फेरी मारून आला. पण या चाकावर चढणं ही वेगळी परीक्षा आहे आणि एकदा वेग घेतला की ते पटकन थांबत नाही. तेव्हा आधी रिकाम्या सपाट रस्त्यावर चढ-उतर पक्की करा, मग सीटखाली ब्रेक बसवून घ्या आणि उताराला लागा.