जुन्या डब्बा टीव्हीचं चित्र मध्येच जातंय? दोष असा शोधा

आत्याकडच्या २१ इंची टीव्हीला वर्षभर एक खोड होती. संध्याकाळी लावला की वीसेक मिनिटं छान चालायचा. मग चित्र एकदम मिटायचं आणि काळ्या पडद्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरायची. आवाज चालूच. आत्या डाव्या अंगाला एक थाप मारायची, की चित्र परत. एका मेकॅनिकने ‘पिक्चर ट्यूब गेली, भंगारात द्या’ असं सांगून टाकलं होतं. ट्यूब ठणठणीत होती. दोष होता एका पिनेभोवतीच्या केसाएवढ्या भेगेत.

जाऊन-येऊन असणारा दोष पकडणं कठीण, कारण मेकॅनिक समोर असला की टीव्ही हटकून नीट चालतो. म्हणून आधी पेचकस नको, वही घ्या. तीन-चार दिवस लिहून ठेवा: लावल्यावर किती मिनिटांनी चित्र गेलं, पडद्यावर काय उरलं, आवाज होता का, हलवल्यावर फरक पडला का.

यातली वेळ सगळ्यांत जास्त बोलते. टीव्ही तापल्यावर चित्र जात असेल तर बहुधा कुठेतरी सोल्डर, म्हणजे पिना बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू, सुटलंय, किंवा एखादा आयसी (बोर्डावरची चिप) वा ट्रान्झिस्टर गरम झाल्यावर दगा देतोय. उलट सुरुवातीला चित्र आकसलेलं, थरथरतं आणि दहा मिनिटांनी आपोआप सुधारत असेल, तर एखादा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) आतून सुकलेला असतो. तो गरम झाल्यावर थोडं काम करतो. थापेने फरक पडत असेल तर शंकाच नको, जोड सैल आहे. पण थापेचा इलाज थांबवा, दर थापेला भेग रुंद होते.

दोष टीव्हीचा की बाहेरचा?

चित्र गेलेलं असतानाच टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करा, सेट टॉप बॉक्सच्या रिमोटने नव्हे. पडद्यावर आवाजाची पट्टी स्वच्छ, स्थिर उमटली तर टीव्हीचा चित्र काढणारा भाग धडधाकट आहे, गडबड बहुतेक येणाऱ्या सिग्नलची. बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची पिवळी पिन काढून घट्ट बसवा, दुसरी वायर लावून पाहा. या पिनांच्या मुळाशी वायर तुटलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिला हात तिकडेच जातो.

पडद्यावर काय उरलं ते वाचा

आपल्याकडच्या पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत चित्र ६२५ ओळींचं. इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला ५० वेळा वरून खाली उतरत पडदा भरतो. त्याला उतरवणारं सर्किट, म्हणजे व्हर्टिकल सेक्शन, थांबलं की साऱ्या ओळी एकाच जागी पडतात. तीच ती आडवी रेघ. ती दिसली की ब्राइटनेस उतरवा आणि टीव्ही बंद करा. सगळा झोत एका पट्टीवर पडत राहिला तर तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा उजळणारा लेप, जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

एखादाच रंग जात असेल तर पडदा सांगतो कोणता: पिवळट झाला तर निळा गेला, मोरपंखी झाला तर लाल, जांभळट गुलाबी झाला तर हिरवा. अशा वेळी नजर ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या छोट्या बोर्डाकडे वळवा.

आवाज आहे पण पडदा पूर्ण काळा? खोलीत अंधार करून मागच्या जाळीतून ट्यूबच्या मानेकडे पाहा. तिथे नारिंगी उजेड दिसायला हवा. चित्राबरोबर तोही विझत असेल तर हीटरकडे, म्हणजे ट्यूबच्या मानेतल्या तापणाऱ्या तारेकडे, जाणारा जोड सुटतोय.

झाकण उघडण्याआधी

इथे घाई करू नका. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब टिकून राहू शकतो. मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याच्या दोन पायांवर मोजा. दाब असेल तर होल्डरमधल्या ६० वॅटच्या साध्या, तारेच्या बल्बच्या इन्सुलेटेड वायरी त्या पायांना लावून उतरवा आणि पुन्हा मोजा. पेचकसने शॉर्ट करू नका.

ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि तो बंद टीव्हीतही उरतो. तिला हात लावायचा नाही. ट्यूबच्या मानेला धक्काही नको, आत निर्वात पोकळी आहे. उघडा टीव्ही चालू करून आत काडीने ठोकून पाहणं हे मेकॅनिकचं काम, ते घरी करू नका. मीटर वापरता येत नसेल तर इथेच थांबा, वहीतल्या नोंदी तरीही उपयोगी पडतील.

भेग शोधणं

बोर्ड सावकाश मागे सरकवून खालची बाजू वर करा. टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून पाहा. चांगला जोड चकाकता, शंकूसारखा पिनेला चढलेला असतो. सुटलेल्या जोडात पिनेभोवती बारीक करडं कडं दिसतं. बोर्डाच्या दुसऱ्या बाजूने लाकडी काडीने तो भाग किंचित हलवला की पीन सोल्डरपासून वेगळी हललेली दिसते. एकदा हे पाहिलं की नजर बसते.

सगळा बोर्ड धुंडाळू नका. जड किंवा तापणारे भाग आधी: एलओटीच्या (ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पिना, हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) जोडलेला व्हर्टिकल आयसी, योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या वेटोळ्याचा) प्लग, झोत आडवा फिरवणाऱ्या हॉरिझॉन्टल ड्रायव्हरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, मानेवरच्या बोर्डाचं सॉकेट. रोज तापून-निवून हेच जोड आधी फुटतात. आत्याच्या टीव्हीत योकच्या प्लगची एक पीन अशीच सुटी निघाली.

भेगेवर नुसतं सोल्डर फासू नका. जुनं सोल्डर पंपाने उपसा, पीन घासून साफ करा आणि ६०-४० (कथील-शिसं) सोल्डर वापरून नव्याने जोड घ्या. बारीक पिनांना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, एलओटीला थोडी दांडगी लागते. शेजारच्या पिनेला थेंब चिकटला नाही ना, ते भिंगातून तपासा. कपॅसिटर बदलायचा असेल तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस सोसणारा घ्या. अंगावरची पट्टी ऋण पायाची असते, जुन्याची दिशा आधी टिपून ठेवा.

झाकण बसवा, मगच टीव्ही लावा. दोष वीस मिनिटांनी येत असेल तर दोन तास चालवा, दुसऱ्या दिवशी थंडगार असताना पुन्हा लावा. आत्याचा टीव्ही आम्ही सलग तीन संध्याकाळी पाहिला, तेव्हा कुठे तिने डाव्या बाजूची खुर्ची हलवली.

टिकटिक आवाज, जळका वास किंवा एलओटीजवळ ठिणगी असेल तर लगेच प्लग काढा आणि मेकॅनिककडेच जा. जाताना वहीतली ओळ चिठ्ठीवर लिहून न्या: ‘आडवी रेघ, वीस मिनिटांनी, आवाज चालू, थापेने परत येतं.’ एवढ्यावर त्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.