यूएसबीवरचा प्रिंटर छापत नाही? ड्रायव्हर काढण्याआधी पोर्ट बघा

प्रिंटरचा दिवा हिरवा, केबल जागेवर, तरी कॉम्प्युटर 'ऑफलाइन' म्हणतो. कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो: ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून असलेलं सॉफ्टवेअर, काढून परत टाका. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. बऱ्याचदा ड्रायव्हर ठणठणीत असतो आणि चुकलेलं असतं ते पोर्ट. पोर्ट म्हणजे इथे केबल खुपसायचं सॉकेट नाही, तर काम कुठल्या वाटेने प्रिंटरकडे पाठवायचं याची विंडोजमधली नोंद. ड्रायव्हर नव्याने टाकताना पोर्टही नव्याने जुळतं, म्हणून प्रिंटर चालू होतो आणि दोष ड्रायव्हरच्या माथी बसतो. पुढे कधीतरी केबल दुसरीकडे लावली की ये रे माझ्या मागल्या.

कागद, शाई, अडकलेला कपटा हे सगळं बघून झालंय असं धरतो. इथे विंडोजबद्दल सांगतो आहे.

आधी यूएसबी केबल काढा आणि प्रिंटरच्याच बटणांनी टेस्टचं पान काढा. ते निघालं नाही तर दोष प्रिंटरमध्ये आहे, कॉम्प्युटरवर वेळ घालवू नका.

पान नीट आलं तर केबल थेट कॉम्प्युटरला लावा, मध्ये हब नको. केबल ५ मीटरपेक्षा लांब असेल तर ती आधी बदला. आता डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा ठेवून केबल काढा, परत लावा. 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' ही ओळ जाते आणि परत येते का बघा. काहीच हललं नाही किंवा 'अननोन यूएसबी डिव्हाइस' दिसलं तर दुसरी केबल, दुसरं सॉकेट. ओळ दिसली तर केबलचा विषय संपला.

आता खरी गोम. प्रिंटर पहिल्यांदा जोडला की विंडोज त्याच्यासाठी 'यूएसबी००१' असं एक पोर्ट तयार करतं. प्रिंटर स्वतःचा सिरियल नंबर सांगत असेल तर कुठेही लावा, विंडोज त्याला ओळखतं. नंबर सांगत नसेल तर ओळख राहते ती फक्त सॉकेटवरून. मग तोच प्रिंटर शेजारच्या सॉकेटात लावला की विंडोजच्या लेखी तो नवा प्रिंटर होतो. त्याला 'यूएसबी००२' मिळतं आणि प्रिंटरांच्या यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' लागलेली दुसरी नोंद येते. तुमची फाइल मात्र जुन्याच नोंदीकडे जाते, आणि त्या पोर्टवर आता कुणीच नसतं.

पोर्ट बदलण्याआधी छपाईच्या रांगेतली सगळी कामं रद्द करा. ही पायरी टाळू नका, कारण पोर्ट जुळलं की मागे अडकलेली सगळी पानं एकापाठोपाठ बाहेर पडतात. 'डिलीटिंग' लिहून एखादं काम तसंच चिकटून राहिलं तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर', म्हणजे ही रांग सांभाळणारी सेवा, थांबवा. विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स अशी वाट आहे. त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइल्स पुसा, फोल्डर नाही. मग स्पूलर परत सुरू करा.

आता प्रिंटरच्या नोंदीवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' वेगळं आहे, तिथे पोर्ट सापडणार नाही. 'पोर्ट्स' या टॅबमध्ये खूण कशावर आहे ते बघा. 'एलपीटी१' (जुन्या पद्धतीच्या प्रिंटर केबलचं पोर्ट) किंवा 'फाइल' यावर असेल तर यूएसबीवरून काही येण्याचा प्रश्नच नाही. वर्णनात 'व्हर्च्युअल प्रिंटर पोर्ट फॉर यूएसबी' असलेली पोर्टं एकेक निवडायची, 'अप्लाय' करायचं आणि 'जनरल' टॅबवरून टेस्ट पेज सोडायचं. काही ड्रायव्हर 'डॉट४' नावाचं पोर्ट वापरतात, तेही तपासा. मात्र खालच्या 'एनेबल प्रिंटर पूलिंग'ला हात लावू नका. ती सोय अनेक प्रिंटरांत काम वाटण्यासाठी आहे. सगळ्या पोर्टांवर एकदम खूण करायला म्हणून ती चालू केली तर कुठलं पान कुठे गेलं याचा पत्ता लागणार नाही.

पोर्ट बरोबर असूनही 'ऑफलाइन' दिसत असेल तर रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वरची खूण काढा. टेस्ट पेज हातात आल्यावरच जास्तीची नोंद काढून टाका, उरलेली डिफॉल्ट करा आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद ठेवा.

ड्रायव्हरची पाळी यानंतर येते: पोर्ट बरोबर आहे, पान निघतंय, पण त्यावर अगम्य चिन्हं आहेत, तेव्हा. मग मात्र अर्धवट काम नको. प्रिंटरची नोंद काढा, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधून ड्रायव्हर पॅकेजसकट काढा, केबल सोडवा, आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच ती परत लावा.