अकॅलेशियाचा सीटी वाचताना: नव्या रेसिडेंटसाठी

कोल्हापुरात रेडिओलॉजी शिकताना एक सवय मला सगळ्यात उपयोगी पडली: टेबलावर घेण्याआधी पेशंटशी बोलायचं. राधानगरी, चंदगडकडची माणसं नेमकं सांगतात, "भाकरी छातीत अडकतीया." मग विचारा, पाणी उतरतं का? कधीपासून? अकॅलेशियात, म्हणजे अन्ननलिकेची खालची झडप नीट न उघडण्याच्या आजारात, बहुधा घट्ट आणि पातळ दोन्ही अडकतं आणि त्रास वर्षानुवर्षं चालत आलेला असतो. आधी भाकरी, मग भात, मग पेज असं काही महिन्यांतच बंद होत गेलं असेल, वजन झरझर उतरलं असेल आणि वय साठीच्या आसपास असेल, तर कॅन्सरची शंका धरून सावध व्हा.

सीटीवर अकॅलेशियाचं निदान पक्कं होत नाही. गिळताना खालची झडप सैल पडत नाही आणि अन्न पुढे ढकलणारी हालचाल थांबते. हा बिघाड मॅनोमेट्रीवर, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीवर, मोजतात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर चोचीसारखं टोक दिसतं. सुरुवातीच्या आजारात सीटी नॉर्मलही असू शकतो. मग सर्जन तो मागतात कशाला? झडपेपाशी गाठ लपलेली नाही ना, हे बघायला. जठराच्या तोंडाशी असलेला कॅन्सर हुबेहूब अकॅलेशियाचं सोंग घेतो. त्यालाच स्यूडोअकॅलेशिया म्हणतात. माझ्या मते हा सीटी त्या एका जागेसाठीच काढलेला असतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या.

फुगलेली अन्ननलिका, आत साठलेलं अन्न, हवा-पाण्याची पातळी हे लगेच नजरेत भरतं. पण नजर खाली न्या, कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) दोन्ही छेदांत. नळी गुळगुळीत निमुळती होत असेल, भिंत पातळ किंवा सगळीकडून सारखीच किंचित जाड असेल, तर चित्र अकॅलेशियाशी जुळतं. एकाच बाजूला जाड, खडबडीत भिंत, त्यातही 10 मिमीच्या वर, किंवा जवळच्या लिम्फ नोड्स वाढलेल्या दिसल्या, की संशय स्पष्ट लिहा आणि एंडोस्कोपी सुचवा. कॅन्सर पसरलाय का, यासाठी यकृतही बघा. मात्र जठर रिकामं, मिटलेलं असेल तर तिथली भिंत उगाचच जाड दिसते. "जठर पुरेसं फुगलेलं नाही" हे वाक्य रिपोर्टात असूच द्या.

या पेशंटला उताणं झोपवणं धोक्याचं असतं. उपाशी असला तरी अन्ननलिकेत कालचं जेवण असू शकतं आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सक्शन हाताशी ठेवा, टेक्निशियनला आधी सांगून ठेवा. लंग विंडो (फुप्फुसं नीट दिसणारी सीटीची सेटिंग) न बघता रिपोर्ट सोडू नका. रात्रीच्या खोकल्यामागे फुप्फुसात उतरलेलं अन्न असतं आणि संशय मात्र टीबीचा घेतला जातो, असंही घडतं.

शेवटी अन्ननलिकेची रुंदी मिमीमध्ये लिहा आणि ती वळणं घेत सिग्मॉइड, म्हणजे इंग्रजी S सारखी, झाली आहे का, तेही. 1913 साली जर्मन सर्जन हेलर यांनी सुरू केलेली मायोटॉमी (झडपेचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया) असो किंवा 2008 साली जपानमध्ये माणसावर पहिल्यांदा झालेली पोएम (तोंडावाटे एंडोस्कोपीने केलेली मायोटॉमी), वाकडी झालेली नळी दोन्ही अवघड करते. सर्जनला ते आधी कळायला हवं.