एम.पी.एच.साठी अर्ज करताना विद्यापीठाचा परिसर कसा निवडावा

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातला पदवीधर सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, म्हणजे एम.पी.एच.ची, चौकशी करू लागतो तेव्हा प्रथम हाती येते ते विद्यापीठाचे नाव, आणि नाव मोठे असले की घरच्यांचेही समाधान होते. परंतु ज्या विद्यापीठाचे परिसर चार-पाच गावी पसरलेले आहेत, तेथे प्रमाणपत्रावरचे नाव एकच असले तरी अध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह आणि क्षेत्रकार्याची गावे प्रत्येक परिसराची निराळी असतात.

सर्वांत आधी ही पदवी आपल्याला हवी आहे का, ते पाहावे. एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी सामुदायिक वैद्यकशास्त्रातील ३ वर्षांची एम.डी. असते आणि तिची वाट नीट-पीजीतून जाते. एम.पी.एच. सामान्यतः २ वर्षांची असून बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., दंतवैद्यक, परिचर्या आणि अनेक ठिकाणी समाजकार्य किंवा विज्ञानाच्या पदवीधरांनाही खुली असते. मात्र या पदवीने रुग्ण तपासण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच घरी स्पष्ट सांगून टाकावे. नाहीतर पुढे गणपतीत जमलेल्या पाहुण्यांना ते दरवर्षी समजावून सांगावे लागते.

आता परिसराकडे वळू. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, म्हणजे टिसचे, परिसर मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथे आहेत. तुळजापूरचा भर ग्रामविकासावर आहे, तर सामाजिक साथरोगशास्त्र (आजार समाजात कोणाला, कोठे आणि का होतात याचा अभ्यास) आणि आरोग्य धोरण-अर्थकारण या विषयांतील एम.पी.एच. मुंबईच्या आरोग्यव्यवस्था अभ्यास विद्याशाखेत शिकवली जाते. भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थांची गोष्ट आणखी वेगळी आहे. गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर आणि शिलाँग येथील या संस्था एकाच प्रतिष्ठानाच्या छायेत वाढल्या, परंतु गांधीनगरची संस्था गुजरातच्या २०१५ च्या कायद्याने स्वतःच विद्यापीठ झाली. तेव्हा पाटीवरचे नाव सारखे दिसले तरी पदवी कोण देणार आणि तिला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक परिसराच्या कार्यालयाला वेगळे विचारावेत आणि उत्तर ई-मेलने लेखी घ्यावे.

त्याच पत्रात साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचे गणित) हे दोन विषय शिकवणारे पूर्णवेळ अध्यापक त्या परिसरात राहतात की व्याख्याने दुसऱ्या परिसरातून पडद्यावर दाखवली जातात, हेही विचारावे. धोरणाचे व्याख्यान पडद्यावर ऐकले तर फारसे बिघडत नाही. सांख्यिकीचे गणित अडले की मात्र शेजारी बसून चूक दाखवणारा माणूस लागतो. गेल्या २-३ वर्षांतील प्रबंधांचे विषय मागून घ्यावेत, कारण माहितीपुस्तिकेत छायाचित्रे सगळीकडे सारखीच हिरवी असतात, पण प्रबंधांच्या यादीवरून विद्यार्थी प्रत्यक्ष कोणत्या गावांत, कोणत्या आजारांवर काम करून आले ते उघड होते. सगळी यादी शहरातील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेली असेल आणि आपल्याला ग्रामीण आरोग्यात काम करावयाचे असेल, तर तो परिसर आपला नव्हे.

प्रवेशासाठी लिहावयाच्या उद्देशपत्रात ‘समाजसेवेची आवड’ हे शब्द टाळावेत. कोकणच्या विद्यार्थ्याजवळ त्याहून भक्कम मजकूर असतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले; १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला हा आजार गोचिडींमार्फत पसरतो आणि काजूच्या बागेत, रानात पाचोळा तुडवत काम करणाऱ्यांना गाठतो. लेप्टोचेही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचेही, तसेच: लावणीच्या दिवसांत उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलात उघड्या पायांनी तासन्‌तास उभे राहावे लागते. अशा वेळी ‘आमच्या तालुक्यात लेप्टोचे रुग्ण फार’ एवढ्यावर न थांबता, किती जण चिखलात उतरले, त्यांपैकी किती आजारी पडले, आणि न उतरलेल्यांत किती, असा प्रश्न मांडावा. दोन ओळी आणि दोन रकाने असा चार चौकटींचा तक्ता काढून हीच तुलना करणे हा साथरोगशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि तो ज्याला आधीच उमगला आहे असा अर्जदार मुलाखत घेणाऱ्याच्या चटकन लक्षात येतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाचे संशोधन ग्रामीण रुग्णांच्या काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींतूनच उभे केले. ते उपचार करणारे वैद्य आहेत, तरी नोंद कशी ठेवावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. जमल्यास अर्जापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा आशाताईंसोबत आठवडाभर घरभेटींना जावे.

प्रवेशपरीक्षा संस्थेगणिक बदलते. टिससाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, काही ठिकाणी स्वतंत्र परीक्षा किंवा केवळ मुलाखत असते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करणाऱ्यांनी निवडलेली संस्था आणि अभ्यासक्रम तेथील यादीत दिसतो का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.

कागदपत्रांपैकी सर्वांत उशीर मायग्रेशन प्रमाणपत्राला, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी आधीच्या विद्यापीठाकडून घ्यावयाच्या दाखल्याला, लागतो. येथील कला-विज्ञान महाविद्यालये बहुतांशी मुंबई विद्यापीठाशी, तर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्येची महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे अर्ज कोठे करावयाचा ते आधी ठरवून निकाल लागताच करावा. प्रवेशाच्या तारखा बहुधा ऐन पावसाळ्यात येतात आणि कोकण रेल्वे त्या काळात कमी वेगाच्या पावसाळी वेळापत्रकाने धावते. परिसरात हजर राहावयाच्या दिवसाच्या एक दिवस आधी पोहोचेल अशीच गाडी पकडावी, आणि मूळ कागदपत्रे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून सामानात न ठेवता अंगाजवळ ठेवावीत.