इतिहासाचा तास आणि इतिहासाचा पेपर : या चुका टाळा

भिंतीवर कालरेषा आहे, नकाशा आहे, बखरीतल्या उताऱ्याची झेरॉक्सही वाटून झाली. तरी घटक चाचणीत मुलं पाठ केलेलंच उतरवतात. बहुतेक वेळा दोष साधनाचा नसतो. मुलांनी त्या साधनाचं नेमकं काय करायचं हे ठरलेलं नसतं, आणि पेपर काढायला बसल्यावर तर ते कुणाला आठवतही नाही. आठवी ते दहावीच्या वर्गांत सारख्या दिसणाऱ्या काही चुका इथे घेतल्या आहेत.

सगळ्या घटना सारख्याच अंतरावर

फळ्यावर आडवी रेघ मारून १८१८, १८४८, १८५७, १८८५, १९४२, १९४७ ही वर्षं समान अंतरावर लिहिली की कालरेषेची सनावळी होते. १८१८ ते १८४८ ही ३० वर्षं आणि १९४२ ते १९४७ ही ५, पण डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. आधी प्रमाण ठरवा. वहीत १ सेंमी = १० वर्षं धरलं तर १८१८ ते १९६० हा काळ १४.२ सेंमीत बसतो. भिंतीवर सुतळी बांधायची असेल तर १ वर्ष = २ सेंमी घ्या. २८४ सेंमी सुतळी लागेल, शिवाय दोन्ही टोकांना गाठीसाठी वीतभर जादा. मध्ये एखादा खिळा हवाच, नाहीतर झोळ पडून घटनांची कार्डं मध्याकडे घसरतात. १९४६ चा नौसैनिकांचा उठाव आणि १९४७ यांत २ सेंमीचंच अंतर उरतं, तिथे कार्डं एकमेकांवर चढतात. अशा वेळी एक कार्ड सुतळीच्या वर भिंतीला चिकटवा, दुसरं चिमट्याने खाली लटकवा.

शकात डोळे मिटून ७८ मिळवणे

ही चूक मुलांपेक्षा तयार कार्यपत्रिकांतच जास्त सापडते. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा. १५९६ + ७८ = १६७४, हिशेब जुळला. पण शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ घेतली की ७८ मिळवून १६२९ येतात आणि वर्गात गोंधळ सुरू होतो. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पौष महिना दोन सनांच्या सीमेवर पडतो, तिथे तारीखच पाहावी. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली, पण तारीख १४ जानेवारी १७६१. म्हणून तिथेही ७९. ही तीन उदाहरणं फळ्यावर एकाखाली एक मांडा आणि नियम मुलांकडूनच काढून घ्या. दहा मिनिटं पुरतात.

एखादं मूल मोबाइलवर पाहून शिवजन्माची तारीख १ मार्च १६३० सांगेल. त्याला चूक म्हणू नका. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन (जुन्या कॅलेंडरची) तारीख आहे, १ मार्च ही ग्रेगरियन (आजच्या कॅलेंडरची). त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता.

उतारा झाकला तरी सुटणारा प्रश्न

पेपरातली सर्वांत महाग चूक हीच. सभासद बखरीतला उतारा द्यायचा आणि खाली विचारायचं, ‘ही बखर कोणी लिहिली?’ उत्तर पाठांतरातून येतं आणि उतारा नुसती शोभा म्हणून राहतो. पेपर छपाईला देण्याआधी उताऱ्यावर कोरा कागद ठेवून प्रश्न सोडवून बघा. सुटला, तर तो उताऱ्यावरचा प्रश्न नाही. त्याऐवजी असं विचारा : ‘लेखकाला ही हकिकत स्वतः पाहून माहीत आहे की ऐकून? तुमचं मत ज्यांवरून बनलं ते उताऱ्यातले दोन शब्दसमूह लिहा.’

उतारा ८० ते १२० शब्दांचा ठेवा. वर एका ओळीत कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिलं ते द्या. ‘सनद’, ‘वतन’ असे तीन-चार शब्द अडणारच, त्यांचे अर्थ खाली द्या. मोडी कागदाची झेरॉक्स दाखवायला उत्तम, पण प्रश्न विचारायचे ते सोबत दिलेल्या बाळबोध लिप्यंतरावर.

याच उताऱ्यावर ‘प्राथमिक की दुय्यम साधन?’ असा एका शब्दाचा प्रश्न घालण्याचा मोह होतो. ही बखर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिली गेली, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर. त्यांच्या काळातल्या घटनेसाठी ती नंतरची नोंद ठरते. राजाराम महाराजांच्या काळात शिवछत्रपतींची आठवण कशी सांगितली जात होती हे शोधायचं असेल, तर तीच समकालीन. तेव्हा प्रश्नात ‘कशासाठी’ हे आलंच पाहिजे.

एका चुकीच्या जोडीत दोन चुका

‘चुकीची जोडी ओळखा : दर्पण – बाळशास्त्री जांभेकर, प्रभाकर – प्र. के. अत्रे, केसरी – लोकमान्य टिळक.’ पेपर काढणाऱ्याच्या मनात चुकीची जोडी प्रभाकरची असते, कारण ते भाऊ महाजनांचं. पण स्तंभाला ‘पहिले संपादक’ असं शीर्षक दिलं की केसरीचीही जोडी चुकते, कारण केसरीचे पहिले संपादक आगरकर. चुणचुणीत मूल तिथेच अडतं आणि त्याचा गुण जातो. शीर्षक बदलून प्रत्येक जोडी पुन्हा तपासा.

नकाशाबद्दल थोडक्यात. कोरा नकाशा झेरॉक्सवर मोठा केला की ‘१ सेंमी = १०० किमी’ हे लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं. पट्टीच्या रूपातलं प्रमाण नकाशाबरोबर वाढतं, म्हणून तेच वापरा. आणि १८५७ ची केंद्रं दाखवायला आजच्या राज्यांच्या सीमा असलेला नकाशा देऊ नका. मुलं मेरठपुढे ‘उत्तर प्रदेश’ लिहितात, मग आपणच लाल शाई वापरतो.

‘आजोबांना दुष्काळाबद्दल विचारून या’

मौखिक इतिहासाचा प्रकल्प असा दिला की वहीत ‘फार हाल झाले’ एवढंच येतं. १९७२ चा दुष्काळ घ्यायचा तर पाच-सहा नेमके प्रश्न लिहून द्या : तेव्हा तुमचं वय काय? कोणत्या कामावर गेलात, खडी फोडायला की नालाबांधावर? मजुरी कशी मिळायची? सुकडी (दुष्काळी कामावर वाटलं जाणारं कोरडं खाणं) खाल्लीत का, मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी लागायची? गुरांचं काय केलंत? सांगणाऱ्याचं वय आणि गाव नोंदवायला लावा, रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारायला लावा. दोन आजोबांची उत्तरं जुळली नाहीत तर उत्तमच. का जुळली नाहीत हा पुढचा तास.

ओळी मोजून गुण

‘१८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याला विरोध झाला. सकारण स्पष्ट करा.’ गुण २. ‘इंग्रज जुलमी होते’ हे आठ ओळींत लिहिलं तरी शून्य. कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, याला १. इंग्रजी पत्रं त्यातून वगळली, म्हणून तो पक्षपाती वाटला, हा दुवा जोडला की दुसरा १. अशी विभागणी नमुना उत्तरात आधीच लिहून ठेवा. मग पाच उत्तरपत्रिका पेन्सिलने तपासा. नमुन्यात नसलेलं पण योग्य कारण कुणी लिहिलेलं आढळलं तर ते त्यात घाला आणि मगच लाल पेन हाती घ्या. पुढे गठ्ठ्यातला प्रश्न तिसरा सगळ्यांचा, मग चौथा सगळ्यांचा, असं तपासा. एकेक उत्तरपत्रिका पुरी करत गेलं की तिसाव्या मुलापर्यंत हात नकळत सैल किंवा कडक होतो.