बॅगेत जॉब घेऊन परिसंवादाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझे छोटे मशिन शॉप आहे आणि आसपासच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) टर्निंग (बाहेरून कातणे) व बोअरिंग (आतले भोक कातून अचूक करणे) करून देणे हा आमचा जॉबवर्कचा व्यवसाय आहे. व्यवसाय सुरू केल्यावर वर्षभरातच मी पहिल्या परिसंवादाला गेलो. एका हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात ‘उद्योग दसपट कसा वाढवावा’ यावर तीन तास भाषण झाले, टाळ्या झाल्या, आणि शेवटच्या वीस मिनिटांत सवलतीच्या दरातील प्रशिक्षणवर्गाचे अर्ज वाटले गेले. मी तिथल्या तिथे धनादेश लिहून दिला. त्या वर्गातून हाती काय लागले, हे आमच्या हिशेबनीसाने पुढे दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

त्यानंतर परिसंवादाचे निमंत्रण आले की मी आधी कार्यक्रमपत्रिका वाचतो. व्याख्यानांच्या शीर्षकांत एखाद्या प्रक्रियेचे, कायद्याचे किंवा यंत्राचे नाव आहे की नुसते ‘यश’ आणि ‘मानसिकता’ आहे, एवढे पाहिले तरी निम्मा निर्णय होतो. वक्ता काही विकणारा असला तरी बिघडत नाही, कारण टूल बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता टूलबद्दल जेवढे सांगतो तेवढे क्वचितच दुसरे कोणी सांगेल. मात्र तो काय विकतो हे आपल्याला जाण्याआधी ठाऊक असावे. पुण्यातील 1934 साली स्थापन झालेली मराठा चेंबर किंवा मशिन टूल उत्पादकांची 1946 सालची ‘इम्टमा’ यांसारख्या जुन्या संस्थांचे कार्यक्रम नवख्याने प्रथम पाहावेत, असे माझे मत आहे.

खरा फरक पडला तो बेंगळुरूच्या ‘इमटेक्स’ला. धातूकामाच्या यंत्रांचे हे प्रदर्शन तुमकुरू रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात भरते आणि त्याच्या जोडीने तांत्रिक व्याख्यानेही असतात. अलीकडच्या काळात विषम वर्षी कटिंगचे (धातू कापणाऱ्या यंत्रांचे) आणि सम वर्षी फॉर्मिंगचे (धातूला दाबून-वाकवून आकार देणाऱ्या यंत्रांचे) प्रदर्शन होत आले आहे, हे न पाहता तिकीट काढणारे लोक मला भेटले आहेत. मी मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने गेलो, तेव्हा बॅगेत एक रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे आमच्या यंत्रावर कातलेला भाग, त्याच कामावर झिजलेले दोन इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायची कापणारी पाती) आणि वहीत एकच प्रश्न होता: या बोअरमध्ये (कातलेल्या भोकात) चॅटर (टूलच्या थरथरीने उमटणाऱ्या लाटा) का येतो?

व्याख्यान संपल्यावर सर्वांसमोर प्रश्न विचारण्याचे धाडस मला झाले नाही, कारण इंग्रजीचा संकोच होता. चहाच्या वेळी वक्त्याला गाठून मी जॉब त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, बोअरमधल्या लाटांवरून नख फिरवले आणि हिंदीतच विचारले, ‘‘बार किती जाडीचा आणि किती बाहेर?’’ बार म्हणजे टोकाला इन्सर्ट बसवलेला, भोकात शिरणारा दांडा. वीस मिलिमीटरचा पोलादी बार, तो धरणाऱ्या होल्डरबाहेर एकशे दहा, असे मी सांगताच ते हसले. साधा पोलादी बोअरिंग बार जाडीच्या साधारण चौपटीपर्यंतच बाहेर काढावा, नाहीतर तो थरथरतो; जास्त ताठ अशा कार्बाइडचा असेल तर सहापटीपर्यंत चालतो. माझा साडेपाचपट बाहेर होता. बोअर 46 मिलिमीटरचा, म्हणजे त्यात 32 चा बार सहज जात होता. आमच्या टरेटवर (टूल बसवायच्या फिरत्या डोक्यावर) तसा होल्डर होताच, आम्ही त्यात सवयीने स्लीव्ह (भोक लहान करणारी नळी) घालून वीसचा बार वापरत होतो. चार महिने आम्ही स्पिंडलचा वेग कमी-जास्त करत आणि इन्सर्टच्या ग्रेड बदलत बसलो होतो, आणि बदलायची होती ती स्लीव्ह आणि बार.

म्हणून नवख्यांना मी एवढेच सांगतो की प्रश्न घेऊन जावे आणि शक्य असेल तर तो हातात धरता येईल असा असावा. ‘धंदा कसा वाढवू’ या प्रश्नाला कोणीही तासभर उत्तर देऊ शकेल. बोअरमधल्या लाटांना उत्तर देणारा मनुष्य मात्र पाच मिनिटांत ओळखू येतो. स्लाइडचे फोटो मी आता काढत नाही, कारण ते नंतर कधीच पाहिले जात नाहीत.

सगळे प्रश्न यंत्राचेच असतात असे नाही. थकलेल्या बिलांवरच्या एका अर्ध्या दिवसाच्या परिसंवादात मला कळले की 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांच्या आत द्यावे लागतात. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून ही मुदत उलटली तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मी प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापायला सुरुवात केली. ऐकलेली गोष्ट आठवड्यात अमलात आली नाही तर ती वहीतच राहते, हे माझ्या जुन्या वह्यांवरून मी सांगू शकतो.

ओळखींचेही तसेच आहे. पहिल्या परिसंवादातून मी चाळीस व्हिजिटिंग कार्डे आणली आणि एकालाही फोन केला नाही. आता चार-पाचच घेतो, प्रत्येक कार्डाच्या मागे काय बोलणे झाले ते त्याच रात्री लिहितो आणि दोन दिवसांत काहीतरी पाठवतो. बेंगळुरूच्या त्या अभियंत्यांना मी नव्या बारने केलेल्या बोअरचा फोटो पाठवला होता. त्यावर त्यांनी चाचणीसाठी इन्सर्टची एक पेटी धाडली.

पैशांचे थोडक्यात सांगतो. शुल्कावर बहुधा 18 टक्के जीएसटी असतो, तेव्हा नोंदणी करतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा, म्हणजे कर-बिल उद्योगाच्या नावाने मिळते आणि त्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेता येते. प्रदर्शनात ‘फक्त आजची’ सवलत सांगून यंत्राची नोंदणी करून घेणारेही भेटतात. तिथे मी कोटेशन घेतो, सही करत नाही, आणि दहा दिवसांनी शिरोलीहून फोन करतो. ती सवलत बहुतेक वेळा तोवरही शिल्लक असते.