पुराच्या क्लेममधली कपात अशी परत मिळाली

कुर्ल्यात आमचं तळमजल्याचं घर. मिठीचं पाणी शिरलं, प्लायचं कपाट फुगून दार लागेना, फ्रिज गेला. नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काहीच भंगारात दिलं नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढले, ते फार कामी आले. तरी ‘विमा कमी रकमेचा’, म्हणजे मालमत्तेच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी, म्हणून कंपनीनं क्लेम कापलाच. पॉलिसी भारत गृह रक्षा, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी घराच्या विम्याची पॉलिसी. तिच्यात पूर, वादळ, भूकंप येतात, आणि विम्याच्या रकमेपर्यंत अशी कपात चालत नाही! ते कलम जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला; ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाईन, तिथे फी नसते, हेही लिहिलं. उरलेले पैसे जमा झाले. गाडी यात येत नाही, तिचा विमा वेगळा काढा.